५५ हजारांत गेमिंगचा संगणक: दुकानदाराचे कोटेशन स्वीकारावे की सुटे भाग घेऊन जोडावा?

औसेकर_नवखा

नमस्कार. मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि पदविकेच्या शिक्षणासाठी लातूरला रोज एसटीने ये-जा करतो. यंदाच्या सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर वडिलांनी संगणकासाठी ५५ हजार रुपये द्यायचे कबूल केले आहे. ही रक्कम एकदाच मिळणार आहे, त्यामुळे घेतलेले यंत्र निदान चार-पाच वर्षे तरी कामाला आले पाहिजे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ आणि जीटीए ५ हे खेळ, कॉलेजचे प्रोग्रॅमिंग आणि अधूनमधून थोडेफार व्हिडिओ एडिटिंग एवढाच माझा वापर असेल.

एका दुकानदाराने ३८ हजारांचे कोटेशन दिले आहे. त्यात कोअर आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबीची एसएसडी, ५०० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि रंगीत दिव्यांचे काचेचे कॅबिनेट आहे. खोदून विचारल्यावर त्यांनी प्रोसेसरचा क्रमांक ३७७० आणि कार्डाचे नाव जीटी ७३० असे सांगितले. हे घेऊन १७ हजार वाचवावेत की सुटे भाग आणून संगणक जोडावा, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज सारखी येते-जाते आणि दाब कमीजास्त होतो, हेही कृपया लक्षात घ्यावे.

परभणीकर_हार्डवेअर

आपण क्रमांक विचारून घेतलात हे फार बरे केले, कारण नुसते ‘आय-७’ म्हटल्याने काहीच कळत नाही. आय-७ ३७७० हा प्रोसेसर २०१२ सालचा आहे. त्याला चार कोअर (गणना करणारे गाभे) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या वाटा) आहेत आणि तो डीडीआर३ या जुन्या पिढीच्या रॅमवर चालतो. २०२२ च्या आरंभी आलेल्या आय-३ १२१००एफ या इंटेलच्या खालच्या श्रेणीतल्या प्रोसेसरलाही चारच कोअर आणि आठच थ्रेड आहेत. पण मधल्या दहा वर्षांत एकेका कोअरचा वेग इतका वाढला आहे की खेळांमध्ये हा आय-३ त्या आय-७ला सहज मागे टाकतो. जीटी ७३० हे कार्ड २०१४ चे आहे. त्यावर लिहिलेले ‘४ जीबी’ खोटे नाही, मात्र ती स्मृती बहुधा संथ डीडीआर३ प्रकारची असते आणि मूळ चिपच इतकी दुबळी आहे की त्या ४ जीबीचा उपयोग करण्याइतके बळ तिच्यात नाही.

याहून मोठी अडचण सॉफ्टवेअरची आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचे तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू असाव्या लागतात, आणि त्या काळच्या मदरबोर्डांवर त्यांची जोडी मिळणे कठीण. म्हणजे आपल्या यादीतल्या पहिल्याच खेळाला अडथळा. तेव्हा त्या व्यवहारात १७ हजार वाचत नाहीत, ३८ हजार अडकतात.

माझी शिफारस अशी आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत, एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी आणि आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे कार्ड. या प्रोसेसरला सहा कोअर, बारा थ्रेड आहेत आणि खोक्यातच कंपनीचा पंखा मिळतो, त्यामुळे वेगळा कूलर घ्यावा लागत नाही. पैसे कमी पडले तर बी४५० चा बोर्डही चालेल. मात्र दुकानात माल जुना पडून असेल तर त्यावरचे बायोस (बोर्ड सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) या प्रोसेसरला ओळखेल याची खात्री दुकानदाराकडूनच करून घ्यावी. इंटेलच्या बाजूने जायचे असेल तर आय-५ १२४००एफ हा तोलामोलाचा पर्याय आहे.

रॅमची एकच १६ जीबीची पट्टी घेऊ नये. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते आणि काउंटर-स्ट्राइकसारख्या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या खेळात तो फरक दिसतो. जोडणी झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायला विसरू नये, नाहीतर ३२०० ची रॅम वर्षानुवर्षे २४०० किंवा २६६६ च्या वेगाने चालत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. रायझनच्या नव्या एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसायच्या जागेचा) मोह या रकमेत टाळावा, कारण तिथे फक्त डीडीआर५ चालते आणि २०२५ च्या उत्तरार्धापासून चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी माल डेटा सेंटरांकडे वळवल्याने रॅमचे भाव भडकलेले आहेत. डीडीआर४ लाही त्याची झळ लागली आहे. एसएसडी जमल्यास १ टीबीची घ्यावी; एकटा जीटीए ५ शंभराहून अधिक जीबी जागा खातो.

जुना_वायरमन

वरची यादी योग्य आहे, पण ज्या वस्तूवर बाकी सगळ्यांचा जीव अवलंबून आहे तो एसएमपीएस तिच्यातून राहून गेला आहे.

कोटेशनमधल्या ‘५०० वॅट’ या शब्दांवर जाऊ नये. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे. स्वस्त, बिननावाच्या डब्यावर तिथे १५ किंवा १६ अँपिअर लिहिलेले आढळते, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला फार तर १८०-१९० वॅट येतात. आरएक्स ६६०० एकटे १३२ वॅट मागते, ५६०० प्रोसेसर पूर्ण भाराला ७६ वॅटपर्यंत जातो. त्यात पंखे आणि एसएसडी धरले की असा डबा पहिल्याच संध्याकाळी हात टेकतो, आणि जाताना एकटा जाईलच असे नाही. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या दर्जाचा, ४५० ते ५५० वॅटचा आणि ग्राफिक्स कार्डासाठी आठ पिनची तार असलेला एसएमपीएस घ्यावा. कॅबिनेटचे दिवे कमी झाले तरी चालतील.

आता घरातल्या विजेविषयी. खेड्यातल्या बऱ्याच घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच जोडलेली नसते. ओळखायची खूण सोपी आहे: संगणक चालू असताना टेस्टरचे टोक कॅबिनेटच्या मागच्या उघड्या स्क्रूला लावावे. आतला दिवा मिणमिणला की अर्थिंग नाही असे समजावे. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीचे कपॅसिटर असतात आणि ते फेज व न्यूट्रल या दोन्हींना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थची तार नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्म्या दाबाच्या आसपास वीज तरंगत राहते. अनवाणी पायाने हात लावला तर मुंग्या येतात त्या यामुळेच. तेवढ्याने जिवाला सहसा धोका नसतो, पण यूएसबी आणि मॉनिटरच्या जोडण्यांना तो असतो, आणि आत खरोखर एखादी तार पत्र्याला टेकली तर अर्थिंगवाचून काहीच धड सुरक्षित नाही. म्हणून संगणक येण्याआधी अर्थिंग करून घ्यावे. ज्यांच्याकडे मीठ-कोळशाचा खड्डा आहे त्यांनीही मार्च ते जून त्यात नियमाने पाणी घालावे. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि कोरड्या मातीत अर्थिंग नावापुरतेच उरते.

यूपीएस हवाच. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमधून बहुधा ३६० वॅट मिळतात, आणि हे यंत्र खेळ चालू असताना २५० वॅटच्या आगेमागे घेईल. म्हणजे भागते, पण काही मिनिटेच. खेळ जतन करून संगणक नीट बंद करायला तेवढी पुरेत. विकत घेताना दाब सावरणारी एव्हीआर सोय आहे का ते विचारावे, कारण शिवारात थ्री-फेज येऊन मोटारी सुरू झाल्या की गावातला दाब खाली बसतो. घरी जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर संगणक त्यावर टाकू नये. अॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारे सर्किट) असलेल्या चांगल्या एसएमपीएसचे त्या लहरीशी जुळत नाही आणि यंत्र मध्येच बंद पडू शकते.

उष्णतेचे गणितही सरळ आहे. पंखा कोणताही असो, तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. खोली १० अंशांनी तापली की कार्ड आणि प्रोसेसरही साधारण तेवढेच वर चढतात. आपल्याकडे पारा ४२ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून अधिक. समोरून काच असलेले कॅबिनेट अशा ठिकाणी कुचकामाचे. पुढे जाळी, दोन पंखे आत घेणारे आणि एक मागून बाहेर टाकणारा अशी रचना हवी. डेझर्ट कूलर लावत असाल तर संगणक त्याच्या थेट झोतात ठेवू नये, ओलसर हवेत धूळ चिकटून बसते आणि पाण्याचे तुषारही आत जातात.

गंगाखेड_लोकल

यूपीएस, अर्थिंग आणि चांगला एसएमपीएस धरला तर सगळे ५५ हजारांत बसवताना ओढाताण होईल असे मला वाटते. त्यापेक्षा आज रायझन ५ ५६००जी घ्यावा. त्यातच ग्राफिक्स असल्याने कार्डावाचून व्हॅलोरंट उत्तम आणि जीटीए ५ मध्यम सेटिंगवर चालतो. पुढच्या हंगामात कार्ड टाकावे.

खरेदीबाबतही एक सुचवतो. लातूर-नांदेडच्या दुकानांत पर्याय कमी असतात. सिकंदराबादच्या पार्कलेन भागातली चिनॉय ट्रेड सेंटरची बाजारपेठ आपल्याला पुणे-मुंबईपेक्षा सोयीची पडते. कुठूनही घेतले तरी जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी’ हे ऐकायला गोड लागते, पण वॉरंटीच्या वेळी त्याच दोन हजारांसाठी हात चोळत बसावे लागते.

परभणीकर_हार्डवेअर

५६००जी बाबत माझे मत वेगळे आहे. त्यात एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद स्मृती) १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२ एमबी. शिवाय ‘जी’ पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसर जोडणारी वाट) ३.० या जुन्या आवृत्तीवरच थांबतो. पुढे कार्ड टाकल्यावरही हा उणेपणा राहतोच. कार्ड खात्रीने वर्षभर लांबणार असेल तरच तो मार्ग घ्यावा, आणि तेव्हा तर दोन पट्ट्यांची रॅम अनिवार्य समजावी, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्स रॅमच्याच वेगावर जगतात. ओढाताण होत असेल तर एसएसडी ५०० जीबीची घ्यावी, कॅबिनेट साधे घ्यावे. कार्ड आणि एसएमपीएसला हात लावू नये.

स्वस्तातल्या दोन कार्डांपासून दूर राहावे. आरएक्स ६५०० एक्सटी पीसीआयईच्या फक्त चार लेनवर (मार्गिकांवर) चालते आणि त्याची स्मृतीही ४ जीबीच आहे, त्यामुळे पीसीआयई ३.० च्या बोर्डावर ते फारच मंदावते. दुसरे म्हणजे वापरलेले आरएक्स ५८०. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरचे मायनिंग बंद झाले तेव्हा रात्रंदिवस राबवलेली कार्डे ढिगांनी बाजारात आली. त्यातली ‘२०४८ एसपी’ लिहिलेली तर नावापुरती ५८० आहेत. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्राची गणिते करणारे छोटे घटक) असतात. विक्रेत्याच्या समोरच जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून हा आकडा पाहता येतो.

औसेकर_नवखा

सर्वांचे मनापासून आभार. दुकानदाराला नकार कळवला आहे. काल वायरमनदादांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या संगणकाच्या स्क्रूला टेस्टर लावून पाहिला तर दिवा लागला, म्हणून आधी अर्थिंगचे काम काढले आहे. एक शंका उरली: मामांकडचा जुना मॉनिटर मिळणार आहे, पण त्याला फक्त निळे व्हीजीए सॉकेट आहे. नव्या कार्डाला तो चालेल का?

परभणीकर_हार्डवेअर

थेट चालणार नाही. आरएक्स ६६०० ला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच असतात, आणि त्यांतून निघणारा संकेत डिजिटल, तर व्हीजीए अॅनालॉग. नुसती तार घेऊन उपयोग नाही. आत चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्यावा, तो काही शे रुपयांत मिळतो. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे (फ्रेम) दाखवणारा असेल, तेव्हा जीटीए ५ मध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधून ठेवावी. पडद्यावर न दिसणाऱ्या फ्रेमसाठी कार्ड तापवण्यात अर्थ नाही, आणि वीज गेल्यावर यूपीएसही त्यामुळे थोडा अधिक तग धरेल. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये मात्र मर्यादा १२० च्या आसपास ठेवली तर माउसचा प्रतिसाद किंचित चपळ वाटतो. पुढे १४४ हर्ट्झचा मॉनिटर आला की हेच कार्ड त्या दोन्ही खेळांना पुरेल.