श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीशी घरी एकच भाषा बोलावी का?

प्रश्न (फोंडा): माझ्या दोन वर्षांच्या मुलीला दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत. घरात मराठी, शेजारी कोकणी; दोन भाषांमुळे तिचे बोलणे लांबेल, असे नातेवाईक म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर १ (म्हापसा): नाही. ज्या भाषेत आपण सहज बोलता, तीच भरपूर बोला. मोडकीतोडकी परकी भाषा मुलाला कमीच देते. मात्र मूल जागे असेपर्यंत यंत्र कानावर हवे, याला पर्याय नाही.

उत्तर २ (डिचोली): रोज सकाळी तोंडासमोर विरळ कापड धरून, म्हणजे ओठ दिसणार नाहीत अशा रीतीने, ‘म, ऊ, आ, ई, श, स’ हे डॅनियल लिंग (Ling) यांच्या ऐकण्याच्या चाचणीचे सहा ध्वनी म्हणावेत आणि ती प्रतिसाद देते का, ते पाहावे, ‘स’ अचानक हरवला, तर यंत्राची बॅटरी, कानात बसणारा साचा आणि त्याची नळी तपासून ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) कळवावे. नारळ खवताना ‘आता खोबरं काढूया’ असे जवळून बोलून थांबावे, तिला उत्तराला वेळ द्यावा. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना लांबून हाका मारणे व्यर्थ आहे.

उत्तर ३ (मडगाव): पावसाळ्यात यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा, आपल्याकडची दमट हवा त्याला सोसत नाही.