‘मौलिक’ की ‘स्वतंत्र’? बुद्धिबळ इंजिनांच्या नियमावलीसाठी शब्द हवा

नौपाडेकर : ठाण्यात आमच्या वर्गातली मुलं स्वतः लिहिलेली बुद्धिबळ इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्रॅम, एकमेकांविरुद्ध खेळवणार आहेत. नियमावली मराठीत करतोय. ‘इंजिन मौलिक असावे’ असं लिहिलं, तर एका मुलीने विचारलं, “सर, खेळी शोधायची अल्फा-बीटा पद्धत सगळ्यांनीच वापरलीय. मग मौलिक कोणाचं?” दुसरा शब्द सुचवा.

ऐरोलीकर : ‘स्वतंत्रपणे लिहिलेले’. ‘मौलिक’मध्ये कल्पनाही नवी हवी असा अर्थ येतो, आणि त्या कसोटीला एकही इंजिन उतरणार नाही. दुसऱ्याचं उघडपणे घेतलं असेल तर ‘बेतलेले’ म्हणा. स्टॉकफिश हे नावाजलेलं इंजिन २००८ मध्ये ग्लॉरंग या आधीच्या इंजिनाच्या कोडवरूनच निघालं, परवान्याच्या अटी पाळून. त्याला चोरी म्हणणं अन्याय आहे.

नौपाडेकर : आणि न सांगता घेतलं तर? ‘उचल’?

ऐरोलीकर : नको, उचल म्हणजे पगारातून आगाऊ घेतलेले पैसे. ‘उचलेगिरी’ लिहा. शब्द कडक आहे, पण असू दे.

वाशीकर : कडक आहे म्हणूनच तो ‘साम्य’पासून लांब ठेवा. साम्य हा आरोप नव्हे. इंजिनं लिहिणारे डॉन डेली यांची साम्यचाचणी इंजिनांना पटावरच्या हजारो स्थिती देते आणि किती ठिकाणी दोघांची खेळी एकच येते ते मोजते. फुकटचा वजीर सगळेच मारणार. आकडा फारच मोठा आला तर कोड उघडून बघायचा, इतकाच त्याचा अर्थ.

नौपाडेकर : कोडमध्ये बघायचं काय?

वाशीकर : जे तसं असायची काही गरज नव्हती, ते. आयसीजीए या संगणकी खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये रिबका या इंजिनाची २००७ ते २०१० ची संगणक बुद्धिबळातली जगज्जेतेपदं काढून घेतली. क्राफ्टी आणि फ्रूट या इंजिनांमधून उचलेगिरी केल्याचा ठपका होता. रिबकाचे लेखक वासिक राजलिक यांनी तो नाकारला, आणि निकालावर जाणकारांत आजही दुमत आहे. पण एक पुरावा बघण्यासारखा आहे. फ्रूट वेळ दशांशात ठेवतं, म्हणून ती ०.० शी ताडून पाहतं. रिबकाच्या पहिल्या बीटा (चाचणी) आवृत्तीमध्ये वेळ पूर्णांकात, तरी तुलना ०.० शीच! नुसता ० पुरला असता. मला असं एक निरुपयोगी साम्य शंभर सारख्या खेळ्यांपेक्षा वजनदार वाटतं.

नौपाडेकर : मग असं लिहितो : ‘इंजिन स्वतंत्रपणे लिहिलेले असावे. ते दुसऱ्या इंजिनावर बेतले असल्यास नाव नोंदवतानाच सांगावे. खेळ्यांमधील साम्यावरून कोणालाही बाद केले जाणार नाही. उचलेगिरीचा निर्णय कोड पाहूनच होईल.’

वाशीकर : ‘कोड पाहूनच’ऐवजी ‘कोड पाहून व स्पर्धकाचे म्हणणे ऐकून’ करा. मुलं आहेत.