मदत हवी आहे: अलिबागजवळच्या आक्षी-नागाव किनाऱ्यावरून धावण्याचा फेरा
जाताना आक्षीहून नागावपर्यंत वाळूवरून, येताना गावातल्या रस्त्याने, असा बेत आहे. अडचण वेळेची. घट्ट, ओली वाळू ओहोटीलाच मिळते; भरतीत उरते ती भुसभुशीत पट्टी, तिथे टाच रुतते आणि पोटऱ्या भरून येतात. त्यात ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. तुम्ही वेळ बदलता की त्या दिवशी सरळ रस्ताच धरता?

दुसरं, दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, उतारही तिकडेच. त्यामुळे उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ताण येतो. एक दिवसाआड फेरा उलटा घेतला तर पुरेल का?

शनिवार-रविवारी गाड्या टाळून नागावात वर चढायला वाट कुठली? जाळीच्या बुटांत वाळू शिरते, तीवर उपाय असेल तर तोही सांगा.