'चोच दिली तो चाराही देईल' हे कोणी कोणाला सांगायचं?

निफाडकर: काल तालुक्याच्या ग्रुपवर गारपिटीचे फोटो पडत होते. त्यांच्याखाली एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "ज्याने चोच दिली तो चाराही देईल. श्रद्धा ठेवा, रडू नका." डोक्यात तिडीक गेली म्हणून लिहितोय. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवा. दुसऱ्या दिवशी द्राक्षबागेत पायाखाली फुटलेले मणी, आंबूस वास, घोंघावणाऱ्या माश्या. काड्यासुद्धा सोलून निघाल्या होत्या, म्हणजे पुढच्या हंगामाचाही भरवसा नाही. वर सोसायटीचं कर्ज. माझे वडील सप्तशृंगीचं नाव घेतल्याशिवाय बागेत उतरत नसत. त्यांना श्रद्धा शिकवायची कोणाला गरज होती?

पंचवटीची लेक: दादा, तुमचा राग कळतो, पण देवाला का मधे ओढता? माझे वडील गेले तेव्हा घरात पीठ नव्हतं. आई म्हणायची, "रामराया उपाशी ठेवणार नाही." तिसऱ्या घरच्या काकूंनी न सांगता डबा पाठवला, आणि त्याच बळावर आईने पुढे पोळीभाजी केंद्र काढलं. तुम्हाला हा योगायोग वाटत असेल, आम्हाला वाटत नाही.

लासलगाववाला: गारपीट देवाची समजू. कांद्याची निर्यातबंदी कोणाची? डिसेंबर 2023 मध्ये एका रात्रीत बंदी आली, मे 2024 मध्ये उठवली ती 40 टक्के शुल्क लावून. तोवर आमचा लाल कांदा मातीमोल झाला. त्यावर बोला की!

सिडकोकर: आणि कांदा चढला की आम्ही पगारदारांनी काय करायचं? तेव्हा तुम्हाला आमची आठवण येते का?

लासलगाववाला: साठवणीच्या चाळीत कांदा सडताना कधी बघितलाय? वास आठवडाभर कपड्यांतून जात नाही. वर्षातून चार दिवस महाग खाल्लं तर तुमचं काय बिघडतं?

सिडकोकर: चार दिवस? घरभाडं, मुलांच्या फिया भरून बघा एकदा. आणि भाव वाढला की मधला व्यापारीच खातो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

लासलगाववाला: व्यापाऱ्याचं बरोबर आहे. बाकी एक शब्दही मान्य नाही.

पंचवटीची लेक: विषय कुठे नेलात! दामाजीपंतांचं विसरलात? दुष्काळात विठ्ठल वेश पालटून बेदरला गेला आणि धान्याची रक्कम भरून आला, असंच आपण ऐकत आलो ना?

निफाडकर: ताई, विठ्ठल नंतर धावला. आधी बादशहाच्या कोठाराची कुलपं दामाजीपंतांनी काढली, गर्दन जाईल हे माहीत असून. "देव देईल" म्हणत कुलूप लावून बसले नाहीत. तुमच्या काकूंनीही आधी डबा भरला. तुमच्या आईने ते वाक्य स्वतःच्या उपाशीपोटी म्हटलं, म्हणून त्याला मोल. भरल्या पोटाच्या माणसाने ते दुसऱ्याला ऐकवू नये.

पंचवटीची लेक: एवढं मान्य, पण एवढंच. ज्याच्या दारात कोणी काकू येत नाहीत, त्याने रात्री कोणाला हाक मारायची?

निफाडकर: देवालाच मारावी, मी कुठे आडवा येतोय? पण ग्रुपवरच्या त्या गृहस्थांचं खतं-औषधांचं दुकान आहे. गारपिटीनंतर उधारीसाठी पहिला फोन त्यांचाच आला. त्यांनी ती वसुली पुढच्या छाटणीपर्यंत थांबवावी. मग श्रद्धेवर हवं तेवढं लिहावं, मी वाचीन.