मदत हवी आहे: टेबलाबाहेरील तोफखान्याचे घरगुती नियम (सेनिओ नदी, एप्रिल १९४५)

नमस्कार. ९ एप्रिल १९४५ रोजी आठव्या भारतीय डिव्हिजनने इटलीतील सेनिओ नदीवर केलेला हल्ला आम्ही टेबलावरच्या युद्धखेळात १५ मिलिमीटरच्या छोट्या सैनिकांनी मांडत आहोत. नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी हीच लढाई असल्याने टेबलावर मराठा लाइट इन्फंट्रीची एक कंपनी आहे. २५ पौंडी तोफेचा पल्ला सुमारे १२ किलोमीटर, म्हणजे १:१०० प्रमाणात १२० मीटर. त्यामुळे तोफा टेबलाबाहेरच राहतात आणि टेबलावर दिसतो तो लक्ष्य पाहून तोफांना मारा कुठे करायचा ते कळवणारा निरीक्षण अधिकारी आणि त्याचा वायरलेसवाला.

सध्या आम्ही अधिकाऱ्याला लक्ष्य दिसले की एक फासा टाकतो, चार किंवा अधिक पडल्यास त्याच टर्नमध्ये माऱ्याचे क्षेत्र दाखवणारे १५ सेंटिमीटरचे वर्तुळ लक्ष्यावर ठेवतो, आणि कमी पडल्यास दिशा दाखवणाऱ्या बाणाच्या फाशाने ते सरकवतो. यात निरीक्षकाला काही ठरवावेच लागत नाही, हे मला मुळातच खटकते. म्हणून मी असा बदल सुचवला की आधी एकाच तोफेचा गोळा पडावा, तो तीन फाशांच्या बेरजेइतके सेंटिमीटर भरकटावा, निरीक्षकाला तो दिसल्यास पुढच्या टर्नला चूक निम्मी व्हावी, आणि बॅटरीच्या (तोफांच्या तुकडीच्या) आठही तोफांचा मारा केव्हा मागायचा हे त्यानेच ठरवावे. खेळून पाहिल्यावर लक्षात आले की पहिला गोळा पडताच जर्मन खेळाडू आपली माणसे हलवतो, आणि आठ टर्नच्या खेळातले निम्मे टर्न दुरुस्तीतच जातात.

सेनिओवर आघाडी सगळा हिवाळा जवळपास जागच्या जागी होती, तेव्हा तोफखान्याने काही लक्ष्यांची मापे आधीच घेऊन ठेवली असणार. अशी लक्ष्ये खेळापूर्वी नकाशावर गुप्तपणे लिहून ठेवावीत, तेथे गोळे भरकटू नयेत आणि अनिश्चितता फक्त वेळेत असावी, म्हणजे वायरलेस लागला नाही किंवा बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मागणीत गुंतली तर मारा एक-दोन टर्न उशिरा यावा, असे माझे मत आहे. अशी किती लक्ष्ये द्यावीत? तीन दिली तर नदीकाठच्या पूरबांधाचा सगळा महत्त्वाचा भाग त्यातच येतो.

दुसरी अडचण त्या पूरबांधांचीच आहे. दोन्ही काठांवर उंच, तीव्र उताराचे बांध आहेत आणि जर्मन सैनिक त्यांच्यात खणून बसलेले आहेत. बांधाच्या पलीकडच्या उतारावर २५ पौंडी गोळ्याचा परिणाम फाशावर फक्त सहा पडल्यास धरावा आणि गोळा उभ्या कोनात पाडणाऱ्या तीन इंची मॉर्टरचा (उखळी तोफेचा) पूर्ण धरावा, हे योग्य वाटते का, की चार्ज (गोळा फेकणारी दारू) कमी करून तोफेचा गोळाही अधिक उभ्या कोनात पाडता येत असल्याने हा फरक कमी ठेवावा?

शेवटी, आपलेच सैनिक वर्तुळापासून किती अंतरावर असताना मारा मागू द्यावा? आमचे टेबल सहा बाय चार फुटांचे आहे. २० सेंटिमीटरची अट घातली तर नदी ओलांडल्यानंतर तोफखाना जवळजवळ निरुपयोगी होतो. ज्यांनी अशी नदी टेबलावर ओलांडली आहे, त्यांनी आपले आकडे कृपया कळवावेत.