संगणकाच्या छोट्या डब्यासाठी भाग निवडताना लिटरऐवजी वॅट मोजा

टॉर्क :
आमचं घर ठाण्यात, वन बीएचके. खिडकीखाली एकच टेबल, त्यावर माझं काम आणि मुलीचा दहावीचा अभ्यास. टेबलाखालचा जुना टॉवर एवढा मोठा की तिला पाय सोडायला जागा नाही, ती खुर्चीवर मांडी घालून बसते. म्हणून यंदा टेबलाच्या कोपऱ्यात मावेल एवढाच संगणक घ्यायचं ठरवलंय. काम दोन प्रकारचं. शनिवार-रविवारी पंपाच्या इंपेलरचं (पाणी ढकलणाऱ्या चाकाचं) ओपनफोम, म्हणजे प्रवाहाचं सिम्युलेशन, आणि थोडं कॅड, आणि रात्री तास-दीड तास गेम, १४४०पी रिझोल्यूशनवर.

महिनाभर वाचून माझं एक मत बनलंय, ते मांडतो. पटलं नाही तर खोडून काढा.

छोट्या संगणकाची चर्चा नेहमी डबा किती लिटरचा याच्याभोवती फिरते. कुणी १८ वरून ११ वर उतरतो, कुणी ७ वर. मला वाटतं आपल्या हवेत खरा हिशोब वॅटचा आहे. आत जेवढे वॅट जातात तेवढी उष्णता त्याच डब्यातून बाहेर काढावी लागते. मे महिन्यात दुपारी आमच्या खोलीत ३४ अंश असतात आणि एसी फक्त आतल्या खोलीत आहे. म्हणून आधी वॅट ठरवावेत, मग ते पेलणारा डबा निवडावा.

माझी यादी : प्रोसेसर एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी, आठ कोर आणि ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी). मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, म्हणजे १७० बाय १७० मिमी, रॅमचे दोन स्लॉट. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०७० टीआय, १६ जीबी, ३०० वॅट. ७५० वॅटचा एसएफएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा, पॉवर सप्लाय. रॅम सध्या ३२ जीबी, सोळाच्या दोन पट्ट्या. डबा कूलर मास्टरचा एनआर२००, सुमारे १८ लिटरचा. त्यात १५५ मिमी उंचीचा कूलर बसतो. १५८ मिमीचे नावाजलेले कूलर तीन मिमीने हुकतात, म्हणून १२५ मिमीचा नॉक्टुआ एनएच-यू९एस घेतोय.

आठच कोर का, तर ओपनफोमला कोरपेक्षा मेमरीची भूक जास्त. दोन चॅनेलवर डीडीआर५-६००० रॅम म्हणजे कागदावर सेकंदाला ९६ जीबी. तेवढ्यावर सोळा कोर वाट बघत बसतात. एएमडीने २०२२ मध्ये सर्व्हरसाठी मिलान-एक्स काढला, तोही मोठी कॅश देऊन याच प्रकारच्या कामांसाठी.

मेशवाला :
टॉर्कराव, वॅटचं तत्त्व मान्य, पण प्रोसेसरचं गणित अर्धवट झालंय. ९६ जीबी हा रॅमचा आकडा. ९८००एक्स३डीमध्ये कोरांचा एकच चिपलेट (चिपचा तुकडा) असतो आणि तो रॅमकडून जे वाचतो ते इन्फिनिटी फॅब्रिकच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जोडणीच्या, एकाच दुव्यातून येतं. फॅब्रिक २००० मेगाहर्ट्झवर, प्रत्येक ठोक्याला ३२ बाइट, म्हणजे सेकंदाला ६४ जीबी. उरलेली रुंदी तुम्ही विकत घ्याल, पण वापरता येणार नाही. सोळा कोरांच्या ९९५०एक्समध्ये दोन चिपलेट, दोन दुवे. त्यामुळे तुमच्याच तर्काने सोळा कोरवाला जास्त योग्य ठरतो.

कॅशचंही तसंच. दहा लाख सेलची (जाळीच्या तुकड्यांची) केस ओपनफोममध्ये एक-दोन जीबी सहज खाते. ९६ एमबीत त्यातलं किती मावणार? मिलान-एक्सच्या एका चिपमध्ये ७६८ एमबीपर्यंत एल३ होती आणि लोक अशा कित्येक चिप एकत्र जोडून केस वाटून घेतात. तिथला फायदा इथे तसाच मिळेल असं धरू नका.

९९५०एक्सवरचं १७० वॅटचं लेबल बघून घाबरायचं कारण नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) वॅट कमी करणारा इको मोड आहे. १०५ वॅटवर ठेवला तर प्रोसेसरच्या सॉकेटपाशी १४२ वॅटची मर्यादा पडते, ६५ वर ठेवला तर ८८ ची. कमी घड्याळावर सोळा कोर चालवणं हे जोरात पळणाऱ्या आठ कोरांपेक्षा प्रत्येक वॅटमागे जास्त काम देतं. तुमचा धागा वॅटचा आहे ना, मग इथेही वॅटच मोजा.

आणि रॅम. ३२ वर थांबू नका, कळकळीने सांगतोय. मी कॅलक्युलिक्सवर (भागावरचा ताण मोजणाऱ्या प्रोग्रामवर) ब्रॅकेट सोडवत होतो, रॅम खाणारा डायरेक्ट सॉल्व्हर. जाळी थोडी बारीक केली आणि ३२ जीबी भरली. प्रोसेसरचा वापर सगळ्या कोरांवर पाच-सहा टक्क्यांवर आला, डिस्कचा दिवा मात्र विझेना. चाळीस मिनिटांचं काम रात्रभर चाललं आणि सकाळी तोच पडदा समोर.

चारखण :
माझा विरोध मुळालाच आहे. मिनी-आयटीएक्स हवाच कशाला? मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ मिमीचा, चार स्लॉट, आयटीएक्सपेक्षा स्वस्त. नेहमीचा एटीएक्स पॉवर सप्लाय लागतो, तो मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळतो. एसएफएक्स मागितला की दुकानदार दोन मॉडेलं दाखवतो आणि तिसऱ्यासाठी आठ दिवस थांबायला सांगतो. उद्या तो जळला तर आठ दिवस संगणक बंद. ३० लिटरचा डबा टेबलाखाली आडवा ठेवला तर मुलीचे पायही मोकळे राहतील. वाचलेल्या पैशात रॅम वाढवा. चार स्लॉट असले की आज दोन पट्ट्या, पुढच्या वर्षी आणखी दोन.

टॉर्क :
चारखण, सुट्या भागांचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण चार स्लॉटचा मोह डीडीआर४ च्या काळातला. या प्लॅटफॉर्मवर चार पट्ट्या लावल्या की रॅमचा एएमडीने दिलेला अधिकृत वेग ३६०० वर येतो. जास्त वेगाने चालवणारे आहेत, पण त्यात नशिबाचा भाग. ओपनफोमला जी रुंदी हवी तीच मी गमावून बसेन. म्हणजे नंतर दोन पट्ट्या वाढवणं हा माझ्यासाठी पर्याय उरत नाही, बोर्ड कुठलाही असो.

मेशवाला, फॅब्रिकचा हिशोब मी केलाच नव्हता. विचार करतो.

वैदर्भी :
मी नागपूरचा. इथे मेमध्ये ४५ च्या पुढे पारा जातो, कूलर लावलेल्या खोलीतही ३६-३७ असतात. चाचण्यांचे आकडे वाचताना खोलीचं तापमान आधी बघा, बहुतेक ठिकाणी ते एसीतलं, २०-२५ च्या आसपासचं असतं. ढोबळमानाने खोली जितक्या अंशांनी गरम, तितक्याच अंशांनी आतले भाग गरम. तिथे प्रोसेसर ८० वर दाखवला असेल तर माझ्या खोलीत तो ९५ गाठतो. ९८००एक्स३डीची मर्यादा तीच आहे, तिथून तो स्वतःच वेग कमी करतो.

मी आधी दहा लिटरचा सँडविच डबा घेतला होता, म्हणजे बोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ, मध्ये कार्डाला बोर्डाशी जोडणारी रायझर केबल. दिसायला देखणा, डिसेंबरात सुरेख चालला. एप्रिलमध्ये गेम चालू करून हात वर धरला तर हीटरवर धरल्यासारखा. शेवटी कार्डाची पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणली. फ्रेम थोड्या कमी झाल्या, डोळ्यांना फरक कळला नाही, आवाज मात्र निम्म्यावर आला. तेव्हा टॉर्क, तुमचं तत्त्व शंभर टक्के बरोबर, पण मग ३०० वॅटचं कार्ड यादीत कसं? आरटीएक्स ५०६० टीआयलाही १६ जीबी मिळते आणि ते १८० वॅटमध्ये भागतं. १४४०पीवर सेटिंग एखाद पायरी खाली आणा.

रायझरचं सांगून ठेवतो, पुढे कुणी वाचेल. केबल जेन ४ ची (आधीच्या पिढीची) आणि कार्ड जेन ५ चं असेल तर कधीकधी पडदा काळाच राहतो. भाग खराब समजून दुकानात पळू नका. मॉनिटरची वायर बोर्डाच्या मागच्या पोर्टला लावा (या रायझनमध्ये साधे ग्राफिक्स आत असतात), बायोस उघडा, स्लॉट जेन ४ वर ठेवा. मी यात पूर्ण रविवार घालवला.

रेंडरवाला :
इंजिनिअरिंग म्हणताय तर गेमिंग कार्डावर एवढा खर्च कशाला? जीफोर्समध्ये, म्हणजे या गेमिंग कार्डांत, डबल प्रिसिजन (जास्त अचूक आकडेमोड) सिंगलच्या चौसष्टाव्या भागाच्या वेगाने चालतं. शिवाय सॉलिडवर्क्स हे कॅड सॉफ्टवेअर ज्या कार्डांना प्रमाणपत्र देतं त्यात जीफोर्स नाही. आरटीएक्स ४००० एसएफएफ एडा ७० वॅटचं, २० जीबीचं, कुठल्याही डब्यात मावतं.

टॉर्क :
फ्रीकॅड आणि ओपनफोमला प्रमाणपत्र लागत नाही, माझी सगळी गणितं प्रोसेसरवरच होतात. ते कार्ड घेतलं तर पैसे दुप्पट आणि रात्रीचा गेम अडखळणार. रोजीरोटी सॉलिडवर्क्सवर असणाऱ्याने तुमचं जरूर ऐकावं.

विद्युल्लता :
सगळे वॅटबद्दल बोलताय, पण ते वॅट येतात कुठून याकडे कुणाचंच लक्ष नाही. मी इलेक्ट्रिकलची, सोसायट्यांचं वायरिंग बघते. दोन गोष्टी.

पहिली, यूपीएस. बॉक्सवर १००० व्हीए लिहिलेलं असतं, पण अशा घरगुती यूपीएसची खरी क्षमता बहुधा ६०० वॅट. त्यात स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की पायऱ्यांची वेव्ह देतो. आजकालच्या चांगल्या पॉवर सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट) असतं, त्यातल्या काहींना ही वेव्ह पचत नाही. लाइट जाते, यूपीएस टुक्क करतो आणि संगणक बंद पडतो. सहा तासांचं सिम्युलेशन गेलं. टॉर्कदादा, प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत वेव्ह देणारा) यूपीएस यादीत आजच लिहा आणि त्याचे पैसे आधी बाजूला काढा. नंतर घेऊ म्हणणारे घेत नाहीत.

दुसरी, अर्थिंग. डबा पत्र्याचा आणि तुमच्या हाताशी, टेबलावर. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर डब्याला जोडलेले असतात. अर्थिंग तुटलेलं असेल तर डब्यावर जवळजवळ अर्धा दाब, ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो, म्हणून मारत नाही, पण बोटांना झिणझिण्या येतात. मुलगी तिथेच अनवाणी बसून अभ्यास करणार आहे. जुन्या इमारतीत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, मागे तिसरी वायरच नसते. मल्टीमीटर लावून बघा : फेज-अर्थिंग साधारण २३० हवं, न्यूट्रल-अर्थिंग दोन-चार व्होल्ट.

चारखण :
ताईंचं पटलं. पण बघा, हा यूपीएस, एसएफएक्स आणि आयटीएक्स बोर्ड मिळून किती झाले. मी अजूनही म्हणेन की मोठा डबा घ्या.

मेशवाला :
पैशाचं म्हणाल तर रॅमच आधी घ्या. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या सर्व्हरांनी मेमरी ओढून घेतलीय, भाव कुठल्या कुठे गेलेत. मायक्रॉन या मेमरी कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन स्लॉटच्या बोर्डावर सोळाच्या पट्ट्या घेतल्या तर पुढे त्या काढूनच नव्या लावाव्या लागतात. ३२ च्या दोन घ्या, मोकळे व्हा.

टॉर्क :
सगळ्यांचं वाचून यादी बदलली. रॅम ६४ जीबी, ३२ च्या दोन पट्ट्या. कार्ड १८० वॅटचं, वैदर्भींनी माझंच तत्त्व मला दाखवलं. त्यातून वाचलेले पैसे रॅम आणि यूपीएसला. प्रोसेसर ९९५०एक्स, इको मोड १०५ वर. गेममध्ये थोड्या फ्रेम जातील, पण या कार्डावर १४४०पीला अडसर बहुतेक कार्डाचाच असेल. डबा तोच राहणार. चारखण, टेबलाखाली काहीही ठेवायचं नाही, हे मुलीला कबूल केलंय.

विद्युल्लताताई, काल रात्री मल्टीमीटर लावला. फेज-न्यूट्रल २३४. फेज-अर्थिंग ९१, आणि टेबल लॅम्प लावला की आकडा हलतो.

विद्युल्लता :
म्हणजे वायर तुटलेली तरी आहे किंवा जोडलेलीच नाही. तो सॉकेट वापरू नका. इलेक्ट्रिशियनला मीटर बॉक्सपर्यंत वायर तपासायला सांगा, सॉकेट बदलून जाऊ देऊ नका.

टॉर्क :
रविवारी येतोय तो. भागांची ऑर्डर त्यानंतरच.