मुलं आणि मुकी जनावरं: तुमच्या घरचं सांगा

घरात कुत्रं-मांजर असलं की मुलं आपसूक मायाळू होतात, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. कुरवाळायला सगळ्याच मुलांना आवडतं. पण पाण्याचं भांडं कोरडं पडलंय हे न सांगता कुणाच्या लक्षात येतं, मांजर शेपूट आपटायला लागली की हात कोण मागे घेतं, खरा फरक तिथे दिसतो. तो कसा पडतो ते मला घराघरांतून ऐकायचंय. जनावर पाळलेलं असो, गोठ्यातलं असो की गल्लीतलं. मूल कसं वागलं, मोठ्यांनी काय केलं, ते बैजवार लिहा. कडू अनुभवही हवेत.

शेतकरी, बुलढाणा जिल्हा

२०२२ ला गुरांवर लम्पीचा रोग आला तेव्हा पोरगं सातवीत होतं. आमच्या गोऱ्ह्याच्या आधी मानेवर, मग पोटाखाली गाठी उठल्या. अंग तापानं नुसतं फणफणत होतं. डॉक्टरांनी वेगळा बांधायला लावला. तो कधी एकटा राहिलेला नव्हता, रात्रभर हंबरायचा. पोरगं लिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं गाठी पुसायचं. गाठ फुटली की माश्या बसतात, म्हणून गोठ्यात धूर करायचं. चारा पुढं टाकला तर गोऱ्हा तोंड लावीना, मग मक्याची कोवळी पानं हातानं तोडून एकेक घास भरवायचं. हा रोग माणसाला होत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी त्याची आई घाबरायची. मी म्हटलं, करू दे.

गोऱ्हा वाचला. शेजाऱ्यांची गाय मात्र गेली, मागं दुधपितं वासरू ठेवून. त्या घराशी आमचं बांधावरून बोलणं बंद होतं. पोरगं मला न विचारता आमच्या गायीचं दूध बाटलीत घेऊन तिकडं जायला लागलं. चार-सहा दिवसांनी शेजारी स्वतः बाटली परत द्यायला आला. बांधाचा वाद अजून मिटलेला नाही, पण बोलणं सुरू झालं.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाया या.' पोरगं हे पाळण्यात असल्यापासून ऐकतंय. जनावर दारचा पाहुणा आहे, हे त्याला वेगळं शिकवावं लागलं नाही.

एक आई, ठाणे

वरचा अनुभव वाचून बरं वाटलं, पण माझा थोडा वेगळा आहे. आमच्या सोसायटीतला एक दहा वर्षांचा मुलगा पार्किंगमधल्या पिल्लांना दगड मारायचा. कुत्र्यांना खायला घालणाऱ्या काकूंनी त्याला ओरडण्याऐवजी कामाला लावलं. कोण जेवलं, कोण लंगडतंय, नसबंदी झाल्याची खूण म्हणून कुणाचा कान जरासा कापलेला आहे, हे सगळं वहीत लिहायचं. पंधरवड्यात तो एकेका कुत्र्याला चालीवरून ओळखायला लागला. "काकू, कान कापला तेव्हा त्याला दुखलं असेल का?" हा प्रश्न त्याने विचारला तेव्हा मी तिथेच होते. तेव्हा तो भुलीखाली असतो, असं काकूंनी समजावलं.

आज तो एकाही कुत्र्याला हात उगारत नाही. मात्र लहान मुलांशी दांडगाई चालूच आहे. जनावरावरची माया माणसांपर्यंत आपोआप पोचते, असं निदान मला तरी दिसलेलं नाही. त्यासाठीही अशाच कुणीतरी काकू लागत असाव्यात.

येवल्याहून

आमच्याकडे भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस पतंग असतो. नायलॉन मांजावर २०१७ पासून हरित लवादाची बंदी आहे, तरी चोरून मिळतोच. एका संक्रांतीला गच्चीवर घार पडली. पंखात मांजा रुतलेला. माझ्या पुतण्याने तिच्यावर टोपली ठेवली, वर चादर टाकली आणि डॉक्टर येईपर्यंत कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. घार वाचली नाही. त्यानंतर त्याच्या आसारीवर, म्हणजे फिरकीवर, साधा दोराच असतो आणि कर झाली की मित्रांना घेऊन तो झाडांवरचा मांजा काढत फिरतो.

वेळासची सून, रत्नागिरी जिल्हा

सासूबाई सांगतात, पूर्वी कासवाची अंडी माणसं न्यायची, उरलेली कोल्हे उकरायचे. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर गावाने ही अंडी वाचवायचं काम हाती घेतलं. आता अंडी कुंपणात सुरक्षित पुरतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. टोपलीतून आणून ती वाळूवर सोडली, की पुढचं अंतर त्यांनीच चालायचं. पाहुण्यांनी हात लावायचा नाही. शहरातली मुलं कळवळून म्हणतात, "उचलून पाण्यात ठेवू या ना!" माझी लेक आठ वर्षांची. ती दोरीपाशी उभी राहून सांगते, "नाही, त्याला त्याचं चालू दे." लाट एखाद्या पिल्लाला परत मागे टाकते तेव्हा तिचाही जीव वरखाली होतो, मुठी आवळलेल्या असतात. पण ती दोरी ओलांडत नाही. मला तिची ही माया फार मोलाची वाटते.

प्राथमिक शिक्षिका, पुणे

एक गोष्ट आवर्जून लिहिते. वर्गातल्या एका मुलीने कुत्र्याचा चावा दोन दिवस लपवला. का, तर "सांगितलं असतं तर त्याला पकडून नेलं असतं." माया इतकी की स्वतःच्या जिवावर बेतलं असतं. सुदैवाने लस वेळेत सुरू झाली. तेव्हापासून दरवर्षी जूनमध्येच मी मुलांना सांगते, चावला किंवा नुसता ओरखडला तरी लगेच सांगायचं, कुत्र्याला कुणी मारणार नाही. पालकांनीही हा शब्द पाळायला हवा, नाहीतर पुढच्या वेळी मूल बोलणार नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.